नाकाच्या ऑपरेशननंतर उंचवटा पुन्हा का दिसतो?

नाकाच्या मधोमध असलेला उंचवटा काढून नाक सरळ करून घ्यायचं ऑपरेशन आता फक्त सिनेमातल्या लोकांपुरतं राहिलेलं नाही. बारामती, इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावांतली मुलंमुलीही मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघून त्याची चौकशी करतात. कुणाला लग्नाआधी करायचं असतं, कुणाचं नाक लहानपणी कबड्डी खेळताना किंवा मोटारसायकलवरून पडून वाकडं झालेलं असतं.

ऑपरेशन होतं, आठवड्याभरानं वरची पट्टी निघते, नाक सरळ दिसतं. घरचे खूश होतात. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आरशात बाजूनं बघताना किंवा नाकावरून बोट फिरवताना त्याच जागी काहीतरी वर आल्यासारखं लागतं. मग एकच प्रश्न डोक्यात घुमायला लागतो : काढलेलं हाड पुन्हा वाढलं की काय?

थोडक्यात उत्तर असं, की काढलेलं हाड पुन्हा उगवत नाही. ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो, तसा नाकाचा उंचवटा फुटत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत दिसणारा उंचवटा बहुतेक वेळा सुजेचा असतो. काही वेळा तो हाड जुळताना तयार झालेल्या गाठीचा असतो, तर काही वेळा ऑपरेशनमध्ये थोडा भाग खरंच राहून गेलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय, हे ठरवायला सहसा वर्षभर थांबावं लागतं. मात्र काही लक्षणं अशी असतात, की त्यात एक दिवसही थांबून चालत नाही. दोन्हींतला फरक कळणं महत्त्वाचं.

नाकाचा उंचवटा कशाचा असतो?

बाहेरून नाक एकसंध दिसत असलं तरी आतून त्याचे तीन भाग असतात. वरचा, डोळ्यांच्या मधला भाग हाडाचा. मधला आणि खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जे लवचिक मऊ हाड लागतं तशा पदार्थाचा. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा, ज्याला डॉक्टर सेप्टम म्हणतात, तो तंबूच्या मधल्या खांबासारखा या सगळ्याला आधार देतो.

उंचवटा असतो तो बरोबर हाड आणि कूर्चा जिथे जुळतात त्या सांध्यावर. म्हणजे तो निव्वळ हाडाचा नसतो, त्यात कूर्चेचाही मोठा वाटा असतो. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपण सहज म्हणतो, पण ते अर्धंच खरं असतं.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाकावरची त्वचा सगळीकडे सारख्या जाडीची नसते. भुवयांच्या मध्ये आणि शेंड्याजवळ ती जाड असते, तर उंचवट्याच्या जागी सगळ्यात पातळ. पातळ कापडाखाली बारीकसा खडा असला तरी दिसतो, तसा इथे एखाद्या मिलिमीटरचा फरकही बोटाला लागतो आणि बाजूच्या उजेडात नजरेला दिसतो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

या शस्त्रक्रियेला राइनोप्लास्टी म्हणतात. उंचवटा कमी करण्याची जुनी आणि आजही प्रचलित पद्धत म्हणजे जादा कूर्चा कापून काढायची आणि हाडाचा भाग बारीक छिन्नीनं काढायचा किंवा कानशीसारख्या हत्यारानं घासायचा.

कौलारू घराचं आढं काढलं तर छपराच्या दोन्ही उतारांमध्ये फट पडते. नाकाचंही तसंच होतं. मोठा उंचवटा काढल्यावर वरचा भाग सपाट आणि उघडा राहतो. ती फट बुजवण्यासाठी बाजूची हाडं ठरावीक रेषेत कापून आत सरकवतात. म्हणजे सर्जननं ठरवून, मोजूनमापून केलेलं फ्रॅक्चरच ते. पुढचे काही आठवडे ही हाडं नव्या जागी जुळत असतात.

दुसऱ्या पद्धतीत आढ्याला हात लावत नाहीत. खालच्या पडद्याची एक पट्टी काढून अख्खं छप्परच खाली बसवतात, भिंतीचा एक थर कमी केल्यासारखं. तिला प्रिझर्वेशन राइनोप्लास्टी म्हणतात. वरचा कणा न मोडल्यामुळे तो गुळगुळीत राहतो, हा तिचा फायदा. पण पडद्याच्या कूर्चेत स्प्रिंगसारखा ताण असतो. तो नीट सोडवला गेला नाही, तर खाली बसवलेला कणा थोडा वर उचलला जाऊ शकतो. या पद्धतीत उंचवटा परत दिसण्याचं हे एक माहीत असलेलं कारण आहे. म्हणून आपलं ऑपरेशन कोणत्या पद्धतीनं झालं, हे रुग्णाला ठाऊक असायला हवं.

सूज कशी उतरते? महिन्यांचा हिशेब

पहिला आठवडा : नाकावर टेप आणि स्प्लिंट असते. डोळ्यांखाली काळंनिळं होतं. स्प्लिंट साधारण सातव्या दिवसाच्या आसपास काढतात.

दुसरा ते सहावा आठवडा : काळेपणा बहुधा दोन आठवड्यांत जातो. पण स्प्लिंटनं दाबून ठेवलेली सूज ती निघाल्यावर पुन्हा वर येते. पट्टी काढली तेव्हा नाक छान होतं आणि नंतर बिघडलं, असं अनेकांना वाटतं ते याच काळात. सकाळी उठल्यावर सूज जास्त असते, दुपारपर्यंत थोडी उतरते, कारण रात्रभर आडवं झोपल्यानं पाणी चेहऱ्याकडे साचतं. दिवसभरात कमीजास्त होणारा उंचवटा हा सुजेचाच असतो. हाड सकाळ-संध्याकाळ बदलत नाही.

तिसरा महिना : बरीचशी सूज उतरलेली असते. ओळखीच्या माणसांना नाक ‘झालेलं’ दिसतं. शेंडा आणि त्याच्या वरचा भाग मात्र अजून जाड आणि कडक लागतो.

सहावा महिना ते एक वर्ष : उरलेली सूज अगदी हळू जाते. त्वचा जाड असेल किंवा हे दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन असेल, तर दीड वर्षही लागू शकतं.

या हिशेबातून दोन उलट गोष्टी घडतात. सुजेमुळे नसलेला उंचवटा दिसतो, हे एक. दुसरं म्हणजे सुजेखाली खरा खडबडीतपणा झाकला जातो आणि सूज गेल्यावर, सहाव्या-आठव्या महिन्यात, तो उघडा पडतो. नदीचं पाणी ओसरल्यावर खडक दिसायला लागतात, तसंच. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यातला उंचवटा आणि दहाव्या महिन्यातला उंचवटा यांचा अर्थ एक नसतो.

उंचवटा परत दिसण्याची कारणं

सूज : सगळ्यात जास्त आढळणारं कारण. बोटानं हलकं दाबल्यावर दबल्यासारखी लागते, कमीजास्त होते आणि महिन्यागणिक घटत जाते.

हाड जुळतानाची गाठ : हात मोडल्यावर प्लास्टर काढलं, की जुळलेल्या जागी टणक गाठ लागते. त्याला डॉक्टर कॅलस म्हणतात. नाकाचं हाड कापल्यावर किंवा घासल्यावर तिथेही असंच थोडं नवं हाड आणि घट्ट पेशीजाल तयार होऊ शकतं. ‘हाड वाढलं’ या म्हणण्यात तथ्य असेल तर ते एवढंच. जुना उंचवटा परतलेला नसतो, जखम भरल्याची ही खूण असते. अशी गाठ पुढच्या महिन्यांत पुष्कळदा थोडी झिजते, पण दरवेळी पूर्ण जातेच असं नाही.

राहून गेलेला भाग : सर्जन जपून काम करतात, कारण कमी काढलं तर नंतर काढता येतं, पण जास्त काढलं तर नाक खचतं आणि ते भरून काढणं फार अवघड असतं. शिवाय ऑपरेशन चालू असतानाच नाक सुजायला लागतं, त्यामुळे टेबलावर सगळं अचूक दिसतंच असं नाही. या सावधगिरीत थोडा उंचवटा मागे राहू शकतो.

कडा वर येणं : कापलेल्या हाडाची किंवा कूर्चेची कड नीट बसली नाही, तर पातळ त्वचेखाली ती टोचल्यासारखी लागते. उंची वाढवण्यासाठी कानाची, पडद्याची किंवा बरगडीची कूर्चा बसवली असेल, तर ती सरकू शकते. बरगडीची कूर्चा कालांतरानं थोडी वाकूही शकते.

पोपटाच्या चोचीसारखा आकार : इथे फुगवटा मधोमध नसतो, शेंड्याच्या जरा वर असतो. बाजूनं नाक चोचीसारखं दिसतं. पडद्याची कूर्चा तिथे जास्त उरली, शेंड्याचा आधार ढिला पडून तो खाली आला किंवा त्वचेखाली व्रणाचा थर जाड झाला, तर असं होतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे कारण ओळखणं महत्त्वाचं.

नजरेचा भास : शेंडा थोडा खाली उतरला किंवा भुवयांमधली जागा खोल असली, की मधला भाग तेवढाच असूनही उंच वाटतो. नाकातली प्रत्येक जागा शेजारच्या जागेच्या तुलनेतच दिसते.

मार : लहान मुलाचं डोकं लागणं, कबड्डीतली टक्कर, कुस्तीतली पकड, दुचाकीवरून पडणं. हाडं घट्ट जुळायच्या आधी लागलेला किरकोळ मारही ती सरकवू शकतो.

पुण्यातला जुना दाखला

नाक एका दिवसात पूर्ण होत नाही, ही गोष्ट नवी नाही. तिचा एक जगप्रसिद्ध दाखला पुण्याचाच आहे. १७९२च्या टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं त्याला कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. चित्रकार जेम्स वेल्स यानं कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं पुढे १८१४मध्ये लंडनमध्ये ही पद्धत वापरली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कपाळाच्या कातडीनं नाक करण्याची पद्धत आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणून शिकवतात.

त्या हकिगतीतला एक तपशील इथे कामाचा आहे. कातडी चिकटल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, कपाळाशी जोडलेला दुवा कापत आणि तेव्हाच नव्या नाकाचं रूप सुधारण्यासाठी आणखी थोडं काम करत. म्हणजे त्या कारागिरालाही ठाऊक होतं, की पहिल्या दिवशीचं नाक हे शेवटचं नाक नसतं. आधी जखम भरू द्यायची, मग उरलेलं बघायचं.

अर्थात कावसजीला नाकच नव्हतं, उंचवट्याचा प्रश्न वेगळा. फक्त रूपासाठी नाक लहान करण्याच्या शस्त्रक्रिया नंतरच्या. अमेरिकेत जॉन रो यानं १८८७मध्ये नाकाच्या आतून छेद घेऊन केलेल्या कामाची माहिती छापली, तर बर्लिनमध्ये जाक जोसेफ यानं १८९८मध्ये नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. हत्यारं आणि भूल बदलली, पण जखम भरायला लागणारा वेळ मात्र फारसा बदललेला नाही.

सेल्फी खोटं बोलते

ऑपरेशन झालेला माणूस दिवसातून अनेकदा फोन हातात घेऊन नाक बघतो. इथेच मोठी फसगत होते. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ आला, की जे पुढे आहे ते मोठं दिसतं. चेहऱ्यात सगळ्यात पुढे असतं नाक. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते, असा हिशेब मांडला होता.

त्यात वरून किंवा बाजूनं येणारा उजेड भर घालतो. खिडकीच्या एका बाजूच्या प्रकाशात अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्याचीही सावली पडते.

खरी तुलना करायची असेल तर फोटो महिन्यातून एकदाच काढावा. जागा तीच, वेळ तीच, उजेड समोरून. दुसऱ्या माणसानं पाच-सहा फुटांवरून, थोडं झूम करून काढावा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि अर्धवट वळून दोन, असे पाच फोटो पुरतात. फिल्टर बंद ठेवावा. असे सलग चार-सहा महिन्यांचे फोटो सर्जनला दाखवले, तर उंचवटा घटतोय की तसाच आहे, हे लगेच कळतं.

घरी काय टाळायचं?

बाळाला न्हाऊ घालताना तेल लावून नाक ओढलं की ते सरळ होतं, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. ऑपरेशननंतर उंचवटा लागला, की घरातली वडीलधारी माणसं तोच उपाय सुचवतात. तो करू नये. जुळत असलेलं हाड चोळल्यानं सरकू शकतं. काही सर्जन ठरावीक वेळी, ठरावीक जागी बोटानं दाबायला सांगतात. त्यांनी दाखवलं असेल तरच, तेवढंच करावं.

गरम शेक, वाफ, हळदीचा किंवा कसलाही लेप सुरुवातीच्या दिवसांत नको. उष्णतेनं सूज वाढते, लेपानं टाक्यांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. थंड शेक द्यायचा तो पहिल्या दोन दिवसांत, डोळ्यांभोवती आणि गालांवर. नाकावर वजन ठेवायचं नाही.

चष्मा थेट नाकावर टेकवायचा नाही. किती आठवडे, हे सर्जन सांगतात, पण साधारण चार ते सहा आठवडे धरून चालावं. उन्हाळ्यात बारामती-इंदापूरचं ऊन कडक असतं आणि उन्हानं सूज रेंगाळते, व्रण काळे पडतात. डोक्यावर रुंद टोपी घालावी आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सनस्क्रीन लावावं. ऊसतोडीच्या हंगामातली धूळ आणि धूर नाकात जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

सुरुवातीच्या आठवड्यांत वाकून वजन उचलू नये, डोकं उंच ठेवून झोपावं, नाक जोरात शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकावं. हेल्मेट घालताना-काढताना ते नाकाला घासतं, म्हणून शक्यतो त्या काळात दुचाकी चालवूच नये. हेल्मेट न घालता चालवणं हा त्यावरचा पर्याय नाही. तालीम, कबड्डी, क्रिकेट हे सर्जननं स्पष्ट परवानगी दिल्यावरच. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांतल्या निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उशिरा भरते.

लग्नाची तारीख जवळ असेल तर हिशेब आधीच मांडावा. फोटोत नाक बरं दिसायला काही महिने तरी हवेत. नथीचाही विचार करावा लागतो. दाबाची नथ नाकपुडीला चिमटा घेते, टोचलेली नथ ओढली जाते. दोन्ही कधी घालायच्या, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्यावं. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडू शकते.

कधी थांबायचं नाही?

उंचवट्यासाठी वर्षभर थांबता येतं, पण पुढच्या गोष्टींसाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं :

दोन्ही नाकपुड्या अचानक बंद होणं आणि आत दुखरा, मऊ फुगा आल्यासारखं वाटणं. पडद्यात रक्त साकळल्याचं हे लक्षण असू शकतं. ते वेळीच काढलं नाही, तर पडद्याची कूर्चा मरते आणि नाक खचतं.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, नाक लाल आणि गरम होणं, पू येणं, ताप येणं.

न थांबणारं रक्त. नाकातून सतत पाण्यासारखा पातळ द्रव गळणं. डोळ्यांच्या नजरेत बदल.

त्वचेचा रंग पांढुरका, जांभळा किंवा काळा पडणं.

नाकावर मार लागणं. मोठ्या माणसाचं मोडलेलं नाक साधारण एक ते दोन आठवड्यांत जागेवर बसवता येतं, लहान मुलांचं त्याहून लवकर बसवावं लागतं. त्यानंतर हाड वाकडंच जुळतं.

अशा वेळी ऑपरेशन केलेला सर्जन पुण्यात किंवा मुंबईत आहे म्हणून वाट बघत बसू नये. पुण्याचं अंतर शंभरएक किलोमीटर आहे. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला आधी दाखवावं आणि सोबत आपल्या सर्जनला फोन करावा.

वर्षानंतरही उंचवटा राहिला तर?

सूज किंवा व्रणाचा थर असेल, विशेषतः शेंड्याच्या वर, तर सर्जन काही वेळा स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन देतात. ते काही आठवड्यांच्या अंतरानं देतात आणि हे वर्ष संपायच्या आधीही होऊ शकतं. प्रमाण जास्त झालं तर त्वचा पातळ होते, खड्डा पडतो. हाडाच्या उंचवट्यावर याचा उपयोग नसतो.

थोडीशी कड राहिली असेल, तर ती घासून काढायचं काम छोटं असतं. पोपटाच्या चोचीसारखा आकार, खचलेलं नाक किंवा सरकलेली कूर्चा असेल, तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया मोठी होते. पहिल्या ऑपरेशनच्या व्रणामुळे ती पहिल्यापेक्षा अवघड असते. म्हणूनच ती साधारण बारा महिन्यांच्या आत करत नाहीत. सुजलेल्या, कडक पेशींवर पुन्हा हत्यार चालवलं तर चूक दुरुस्त होण्याऐवजी वाढते.

उंचवट्याच्या वर-खाली फिलर भरून तो झाकता येतो, अशा जाहिराती दिसतात. नाकातल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित कायमचं अंधत्व येऊ शकतं. आधी ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असल्यानं हा धोका वाढतो. त्यामुळे ब्यूटी पार्लरमध्ये किंवा डॉक्टर नसलेल्या माणसाकडून हे कधीही करून घेऊ नये.

ऑपरेशनच्या आधी विचारायचे प्रश्न

हे काम प्लास्टिक सर्जन किंवा या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का आणि पदवी कोणती आहे, हे बघणं हा रुग्णाचा हक्क आहे.

उंचवटा कोणत्या पद्धतीनं काढणार? माझी त्वचा जाड आहे की पातळ, आणि त्यामुळे काय फरक पडेल? श्वास घ्यायला त्रास होणार नाही ना? उंचवटा राहिला तर दुरुस्ती कधी आणि कोणत्या खर्चात? किती वेळा तपासणीला यावं लागेल? हे पाच प्रश्न आधी विचारले, तर नंतरचे बरेच गैरसमज टळतात.

केवळ रूपासाठी केलेलं ऑपरेशन आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. अपघातानंतर नाक नीट करणं किंवा श्वासाचा अडथळा काढणं ही गोष्ट वेगळी असते, त्यासाठी पॉलिसी वाचावी लागते. ऑपरेशनची नोंद, भूल आणि औषधांचे कागद, आधीचे फोटो हे सगळं जपून ठेवावं. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. दुसऱ्या सर्जनचा सल्ला घ्यायची वेळ आली, तर हेच कागद सगळ्यात उपयोगी पडतात.

नाकापलीकडचा प्रश्न

मराठीत नाक म्हणजे अब्रू. नाक कापलं जातं, नाक घासावं लागतं, नाक वर करून चालता येतं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी ‘नाक जरा मोठंच’ म्हटलेलं वाक्य वर्षानुवर्षं मनात राहतं. त्यामुळे पैसे साठवून, घरच्यांना पटवून केलेल्या ऑपरेशननंतर उंचवटा पुन्हा लागला, की मनाला लागतं ते फक्त नाकापुरतं नसतं.

पहिल्या काही आठवड्यांतली उदासी अनेकांना येते आणि सूज उतरते तशी तीही बहुतेकांची ओसरते. पण दिवसातले तास आरशासमोर जात असतील, लोकांत जाणं बंद झालं असेल, इतरांना न दिसणारा दोष सतत दिसत असेल, तर ते दुखणं मनाचं असू शकतं. त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळतात. अशा अवस्थेत दुसरं, तिसरं ऑपरेशन करूनही समाधान होत नाही.

बाकीच्यांसाठी हिशेब साधा आहे. नाकाचं अर्धं काम सर्जन दोन-तीन तासांत करतो, उरलेलं अर्धं शरीर वर्षभरात करतं. त्या वर्षात ठरलेल्या तारखांना तपासणीला जायचं, महिन्यातून एक फोटो काढायचा आणि नाकाला हात लावायचा नाही. वर्ष उलटल्यावरही उंचवटा तिथेच असेल तर तो खरा आहे आणि त्यावर इलाजही आहे. त्याआधी दिसणारा उंचवटा बहुतेक वेळा जखम अजून भरत असल्याची खूण असतो.